फाशी आणि पहिल्या दिवसाचा न्याय

कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे, पवनी तालुक्यातले गाव. खैरलांजी त्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडे, मोहाडी तालुक्यात. दोन्ही तालुक्यांतून वैनगंगा वाहते, दोन्हीकडे धानाची शेती आहे. शेताचा बांध, पाण्याची पाळी आणि वहिवाटीचा रस्ता यांवरून होणारी भांडणेही दोन्हीकडे सारखीच. पवनीच्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपांचे अवशेष उत्खननात सापडले. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. अशा या जिल्ह्याचे नाव २००६ नंतर देशभर एकाच गावामुळे घेतले जाऊ लागले. कोंढ्यासारख्या गावात आजही फाशीच्या शिक्षेचा विषय निघाला की फार वेळ न जाता तो खैरलांजीवर येतो.

म्हणून फाशी असावी की नसावी हा वाद इथे कायद्याच्या पुस्तकातला राहत नाही. या जिल्ह्याने फाशीची मागणी केली, ती मिळताना पाहिली आणि रद्द होतानाही पाहिली. त्या सगळ्यातून काय मिळाले आणि काय मिळालेच नाही, याचा हिशेब मांडल्याशिवाय फाशीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याला अर्थ नाही.

खैरलांजीत काय घडले

भैयालाल भोतमांगे, पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर असे हे बौद्ध कुटुंब. गावात बहुसंख्य वस्ती इतर मागासवर्गीयांची, बौद्धांची घरे अगदी मोजकी. भोतमांगेंची स्वतःची शेती होती, मुले शिकत होती आणि सुरेखाबाई कुणापुढे दबून राहणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला या कुटुंबाच्या जवळच्या, शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलाला काही जणांनी मारहाण केली. मारणारे कोण होते, हे सुरेखा आणि प्रियंका यांनी पोलिसांना सांगितले. त्यावरून आरोपींना अटक झाली. २९ सप्टेंबर २००६ रोजी ते जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून आला. आई, मुलगी आणि दोन्ही मुलगे, असे चार जीव गेले. मृतदेह कालव्यात टाकले गेले. भैयालाल तेवढे वाचले.

त्यानंतरचे पहिले काही दिवस या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत. पोलिसांची हालचाल संथ होती. पहिले शवविच्छेदन इतके अपुरे होते की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. तोवर हाती येऊ शकणारा बराचसा पुरावा गेला होता. पुढे काही पोलीस आणि वैद्यकीय अधिकारी निलंबित झाले. मात्र निलंबनाने पुरावा परत येत नाही. बातमी बाहेर पसरायला जवळजवळ महिना लागला. नोव्हेंबरमध्ये नागपूर, कामठी, अमरावती, यवतमाळ पेटले, लोक रस्त्यावर आले. मग तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि डिसेंबरअखेर आरोपपत्र दाखल झाले.

खटला अकरा जणांवर चालला. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, तिघांना सोडले. २४ सप्टेंबरला शिक्षा सुनावली गेली : सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. दलितांच्या हत्येसाठी एकाच वेळी सहा जणांना फाशी सुनावली जाणे ही देशाच्या न्यायव्यवहारात क्वचित घडणारी गोष्ट होती आणि अनेकांना तो न्यायाचा क्षण वाटला.

त्याच निकालाची दुसरी बाजू मात्र मथळ्यांत मागे पडली. ही हत्या जातीच्या कारणाने झाली, हे न्यायालयाने मान्य केले नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा इथे लागू होत नाही, असे ठरले. स्त्रियांच्या विनयभंगाचा आणि पूर्वनियोजित कटाचा आरोपही टिकला नाही. पोलिसांना आरोपींची नावे सांगितल्याच्या रागातून घेतलेला सूड, एवढेच या हत्याकांडाचे कारण कागदावर उरले. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. जातीच्या कारणाबाबत मात्र खंडपीठाने खालच्या न्यायालयाचेच मत कायम ठेवले.

भैयालाल शेवटपर्यंत सर्वांच्या फाशीची मागणी करत राहिले. २० जानेवारी २०१७ रोजी ते वारले.

फाशीच्या बाजूने

फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांना रक्ताची चटक लागली आहे असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांचे मुद्दे जड आहेत आणि ते त्याच जडपणाने ऐकले पाहिजेत.

पहिला मुद्दा प्रमाणाचा. चार माणसे मारणाऱ्याचा जीव सुरक्षित राहतो आणि वाचलेला बाप दर तारखेला न्यायालयाची पायरी चढतो, यात तोल कुठे आहे? शिक्षेचे मोजमाप गुन्ह्याच्या मापानेच व्हावे, ही भावना मानवी आहे आणि कायद्यानेही ती नाकारलेली नाही. बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९८० साली चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशीची तरतूद घटनात्मक ठरवली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तोही दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणात, हे सूत्र त्या निकालातून आले.

दुसरा मुद्दा जरब. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग माणूस गावात परत, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. कायद्यात जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षे भरण्याआधी सरकारला सूट देता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून सूट न देता वीस, पंचवीस, तीस वर्षे किंवा मरेपर्यंत तुरुंग अशी शिक्षा देण्याची वाटही मोकळी झाली आहे. तरीही गावकऱ्यांच्या शंकेला आधार आहे. सुटून आलेला आरोपी त्याच गल्लीत राहतो, त्याच विहिरीवर येतो. ज्याने साक्ष दिली, त्याला रोज त्याच्यासमोरून जावे लागते. खैरलांजीत तर जामिनावर सुटलेल्या माणसांनी त्याच दिवशी घर संपवले. तिथल्या माणसाने मारेकरी पुन्हा कधी दिसूच नये असे म्हटले, तर ते भीतीतून आलेले शहाणपण आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो. ज्या समाजाच्या माणसाचा खून पिढ्यान्पिढ्या फुकट गेला, त्याच्यासाठी सर्वांत मोठी शिक्षा ही बरोबरीची खूण असते. श्रीमंताच्या, सवर्णाच्या खुनासाठी फाशी होऊ शकते आणि दलिताच्या खुनासाठी होत नाही, तर त्याच्या जिवाची किंमत कमी मानली गेली, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. २००८ चा निकाल ऐकून ज्यांना समाधान वाटले, त्यांना सूडापेक्षा ही बरोबरी हवी होती. २०१० ला ती काढून घेतल्यासारखे झाले. फाशीला विरोध करणाऱ्या प्रत्येकाला या वेदनेचे उत्तर द्यावेच लागेल.

१३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. तेव्हाही राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले आणि फाशीची मागणी अग्रभागी होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. खैरलांजीसाठीचा मोर्चा निळ्या झेंड्यांचा, कोपर्डीसाठीचा भगव्या. दोघांची मागणी एकच होती. म्हणजे फाशीची हाक कोणत्याही एका जातीची नाही. न्याय मिळेल यावर विश्वास उरला नाही की प्रत्येक समाज तीच हाक देतो.

विरुद्ध बाजूने

आता दुसरी बाजू. तिचाही मुख्य पुरावा महाराष्ट्रातच आहे.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडले गेले. २००६ साली नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप वाढवून पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. म्हणजे देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयानेच त्यांना फासापर्यंत नेऊन ठेवले. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झाले.

५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारानंतर सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्यांच्या दिशेने तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. सहाही जण सोळा वर्षे तुरुंगात होते. त्या काळात दयेचा अर्ज फेटाळला गेला असता, तर ही भरपाई घ्यायला कुणी उरले नसते. शिवाय पाच जणांना मारणारे खरे गुन्हेगार शिक्षेविना राहिले. चुकीच्या माणसाला दिलेली फाशी ही पीडित कुटुंबाचीही फसवणूक असते.

दुसरे प्रकरण पुण्याचे. १९९४ साली एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. त्यातल्या एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात तो वर्षानुवर्षे फाशीचा कैदी म्हणून राहिला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय जेमतेम साडेबारा वर्षे होते. ज्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते, तो अठ्ठावीस वर्षे गजाआड होता. त्याचे नाव आणि वय सुरुवातीच्या कागदांत चुकीचे नोंदले गेले होते आणि ती चूक चार पायऱ्या चढून वरपर्यंत गेली.

या दोन्ही प्रकरणांत चूक वरच्या न्यायालयात जन्मलेली नाही. ती पोलीस ठाण्यात, पहिल्या नोंदीत, पहिल्या ओळखपरेडीत जन्मली. खैरलांजीतही नेमके तेच झाले. फरक एवढाच की नाशिकच्या चुकीने निर्दोष माणसे फासाजवळ गेली आणि खैरलांजीच्या चुकीने गुन्ह्याचे खरे स्वरूप कागदावरून निसटले.

चुकीशिवाय प्रश्न आहे तो मनमानीचा. दुर्मिळातील दुर्मिळ म्हणजे काय, हे पीठागणिक बदलत गेले. राजस्थानातल्या रावजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा पाहा, गुन्हेगाराची परिस्थिती पाहू नका, अशी भूमिका घेतली आणि १९९६ साली त्याला फाशी झाली. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या संतोषकुमार बारियार प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की रावजीचा निकाल घटनापीठाच्या सूत्राला धरून नव्हता. तोवर रावजीला जाऊन तेरा वर्षे झाली होती. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशाच चुकीच्या सूत्रावर फाशी सुनावलेल्या तेरा कैद्यांना वाचवण्याची विनंती केली. न्यायमूर्तींनाच अशी विनंती करावी लागते, तेव्हा निकष किती डळमळीत आहे हे वेगळे सांगायला नको.

फासापर्यंत पोचणारी माणसे कोण असतात, हेही पाहिले पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरातल्या फाशीच्या कैद्यांना भेटून २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे चौऱ्याहत्तर टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते आणि शहात्तर टक्के मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. चांगला वकील, योग्य वयाचा दाखला, बाजूने बोलणारा साक्षीदार या गोष्टी पैशाने आणि ओळखीने मिळतात. खैरलांजीच्या न्यायासाठी ज्या वस्त्यांतून फाशीची मागणी उठली, तशाच वस्त्यांतली मुले फाशीच्या कोठड्यांत अधिक असतात. ही गोष्ट कोंढ्यातल्या, पवनीतल्या, भंडाऱ्यातल्या प्रत्येक विचारी माणसाने मनात ठेवली पाहिजे.

विलंबाचे दुःखही दोन्ही बाजूंना भोगावे लागते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना २००१ साली फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले गेले. तरी अंमलबजावणी झाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारच्या अक्षम्य विलंबावर बोट ठेवून शिक्षा जन्मठेपेत बदलली. ज्यांची मुले गेली त्यांना वीस वर्षे फाशीचे आश्वासन मिळाले आणि शेवटी तेही गेले. पहिल्याच दिवशी पक्की जन्मठेप मिळाली असती, तर त्या आईबापांची वाट पाहणे तरी संपले असते.

बाबासाहेबांचे मत

जून १९४९ मध्ये संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाकडे फौजदारी अपील नेण्याच्या अधिकारावर चर्चा चालू होती. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात अपील असावे, अशी सूचना आली. त्यावर डॉ. आंबेडकरांनी सांगितले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे त्यांना अधिक योग्य वाटते. हा देश प्रत्यक्ष आचरणात उणा पडत असला तरी अहिंसेला नैतिक आदेश मानतो, म्हणून या देशाने फाशी सोडून द्यावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

जातीच्या हिंसेची ज्यांना सर्वांत खोल जाण होती, ते हे बोलले. या मताचा आधार घेऊन पीडितांना शांत बसायला सांगणे चूक ठरेल. बाबासाहेबांनी अन्याय सोसायला कधी सांगितले नाही. त्यांचा भर कायद्याच्या पक्क्या अंमलावर, हक्कांच्या संरक्षणावर आणि माणसाच्या प्रतिष्ठेवर होता. त्या कसोटीवर खैरलांजीचा निकाल फाशीच्या प्रश्नाआधीच कमी पडला.

विधी आयोगही हळूहळू तिकडेच आला. १९६७ च्या पस्तिसाव्या अहवालात आयोगाने फाशी ठेवावी असे म्हटले होते. ३१ ऑगस्ट २०१५ च्या दोनशे बासष्टाव्या अहवालात, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस झाली. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब अधिक असते याचा पुरावा नाही, असे आयोगाने नोंदवले. तीन सदस्यांनी वेगळे मत दिले, हेही सांगितले पाहिजे. सरकारने शिफारस स्वीकारली नाही. त्या शिफारसीआधी २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अजमल कसाबला आणि ३० जुलै २०१५ ला नागपुरात याकूब मेमनला फाशी झाली होती; शिफारसीनंतरही २० मार्च २०२० ला दिल्लीत निर्भया प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली. इकडे जगातल्या दोन तृतीयांशाहून अधिक देशांनी कायद्याने किंवा व्यवहारात ही शिक्षा सोडली आहे.

नवा कायदा, जुना प्रश्न

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३ मध्ये नवी तरतूद आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. वाचताना वाटते, हे कलम खैरलांजीसाठीच लिहिले आहे. पण २००८ आणि २०१० या दोन्ही निकालांनी जातीचे कारण नाकारले होते. तोच तपास, तेच शवविच्छेदन, तीच फिर्याद आज पुन्हा तशीच लिहिली गेली, तर हे नवे कलमही त्या आरोपींना लागणार नाही. शिक्षा कितीही कठोर असली तरी कारण सिद्ध करणारा कागद पहिल्या दिवशी तयार व्हावा लागतो.

तो कागद तयार करण्याची साधने कायद्यात आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि साठ दिवसांत आरोपपत्र द्यायचे असते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाच शिक्षा देणारे कलम ४ आहे. २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे वेगळे प्रकरण कायद्यात आले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायची असते. ही साधने वापरली गेली, तर साक्ष देणाऱ्या बाईच्या दाराशी जामिनावर सुटलेला जमाव पोचणार नाही. खैरलांजीतले चार जीव याच पायरीवर वाचू शकले असते. त्या संध्याकाळी त्यांना फाशीची भीती दाखवणाऱ्या कायद्यापेक्षा दारात उभ्या असलेल्या दोन पोलिसांची गरज होती.

मला जे वाटते

फाशी रद्द व्हावी, या मताचा मी आहे. चूक झाली तर ती परत घेता येत नाही, निकष डळमळीत आहे आणि तिचा भार गरिबावर पडतो. तिच्या जागी सूट नसलेला दीर्घ कारावास आपल्या न्यायालयांनी रूढ केला आहे आणि तो पुरेसा कठोर आहे. पण भैयालालना फाशी हवी होती म्हणून त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. त्यांचे दुःख त्यांचे होते. दोष द्यायचा तर तो ज्यांनी पहिल्या दिवशी आपले काम केले नाही आणि एका बापाकडे फाशीशिवाय मागण्यासारखे काही शिल्लक ठेवले नाही, त्यांना द्यावा.

फाशीची बाजू घेणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. खैरलांजीत तुम्हाला फाशी मिळाली होती. ती बावीस महिने टिकली. ज्या कारणासाठी ते कुटुंब मारले गेले असे सगळा जिल्हा म्हणतो, ते कारण मात्र एकाही निकालात आले नाही. मोठी शिक्षा मिळाली आणि सत्य मिळाले नाही, तर तो अर्धाही न्याय नव्हे.

म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या, विदर्भातल्या आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी असा प्रसंग आला (तो येऊ नये, पण आला), तर मोर्चाच्या निवेदनात पहिली मागणी फाशीची लिहू नका. पहिली मागणी लिहा : फिर्याद आजच आणि पूर्ण नोंदवा, योग्य कलमे लावा, शवविच्छेदन तज्ज्ञ डॉक्टरांकडून चित्रीकरणासह करा, साक्षीदारांना आज रात्रीपासून संरक्षण द्या आणि दक्षता समितीची बैठक बोलवा. तुमच्या गावातल्या कुणी पोलिसांकडे साक्ष दिली असेल, तर आरोपी जामिनावर कधी सुटणार याची माहिती काढा आणि त्या दिवशी त्या घराशी उभे राहा. शिक्षा किती द्यायची हे न्यायालय ठरवेल. काय घडले आणि का घडले, हे कागदावर खरे लिहून घेणे आपल्या हातात आहे आणि ते काम पहिल्याच दिवशी करावे लागते.